भिंतीपलीकडची टेली

मी सुमन. माझं माहेर कुर्डुवाडीचं, स्टेशनच्या मागं आमचं घर, वडील स्टो आणि बत्त्या दुरुस्त करायचे, आम्ही पाच बहिणी आणि मी तिसरी. तिसरीचं कसं असतं, थोरलीचं कौतुक होतं, धाकटीचे लाड होतात आणि मधलीनं पाणी भरायचं. तर असं पाणी भरता भरता बारावी झाले आणि स्थळ आलं, मुलगा विलायतेत असतो, बस चालवतो. आई म्हणाली बस तर इथं पण चालवतात, त्याला एवढं लांब कशाला जायला पाहिजे. पण वडिलांना मुलगा आवडला, कमी बोलणारा होता, आमच्या वडिलांना कमी बोलणारी माणसं आवडायची, घरात पाच मुली म्हटल्यावर आवडणारच. तेव्हापास्नं मी इथं, लंडनच्या हॅरोत. माझं सगळं आयुष्य ह्या एका घरात गेलं म्हणा ना, पहिली काही वर्षं भाड्याच्या खोलीत, मग हे घर, अर्धं आमचं नि अर्धं मॉरीनचं, मधली भिंत एकच.

मॉरीन म्हणजे शेजारीण. मूळची आयर्लंडची, माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी, शाळेत मुलांना जेवण वाढायचं काम करायची, नवरा लवकर गेला तिचा. कुंपणावरनं बोलायचो आम्ही, जास्त आतबाहेर नव्हतं. दिवाळीत मी चिवडा द्यायची, नाताळात ती केक द्यायची, तिच्याकडं चिवडा खाऊन व्हायचा का पक्ष्यांना जायचा मी कधी विचारलं नाही आणि तिनं पण केकचं कधी विचारलं नाही. भिंतीतनं तिच्या टेलीचा, इथं टीव्हीला टेलीच म्हणतात, आवाज यायचा आणि आमच्या मिक्सरचा तिकडं जात असणार. असं चाललं होतं.

मी आधी हॉस्पिटलच्या धुलाईघरात होते, गरम चादरी ओढून ओढून खांदे गेले, मग केअररचं काम धरलं. म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, उठवायचं, पुसायचं, गोळ्या द्यायच्या, सूप गरम करायचं, पुढच्या घरी. बसनं जायचं. माझं पेन्शन चालू झालं तरी मी काम सोडलं नाही, सोडायचं होतं, दोघं मिळून सोडणार होतो, हे रिटायर झाले की गावी जाऊन निवांत चार-सहा महिने राहायचं असं ठरलं होतं. ह्यांना रिटायर होऊन वर्ष पण झालं नव्हतं आणि स्ट्रोक आला. सकाळी दाढी करत होते, मला आवाज आला काहीतरी पडल्याचा.

जीव वाचला. उजवा हात गेला, पाय थोडा ओढतात, पण वाचा गेली हो. आधीच कमी बोलणारा माणूस आणि त्यात वाचा गेली. शब्द दोनच राहिले, हो हो, आणि चल. पाणी पाहिजे तरी चल, राग आला तरी चल, मंदार आला तरी चल. मंदार म्हणजे आमचा मुलगा, मिल्टन कीन्सला असतो, कॉम्प्युटरमध्ये. समजतं सगळं ह्यांना, डोळ्यांत दिसतं ना, नुसतं बाहेर येत नाही. बोलायला शिकवणारी बाई यायची, चित्रं दाखवायची, हा कप, हे घड्याळ. चाळीस वर्षं ज्या माणसानं लंडनच्या रस्त्यातनं बस काढली त्याला हे घड्याळ. हे घड्याळाकडं बघायचे आणि माझ्याकडं बघायचे.

मग उरली काय तर टेली. ह्यांना आधीपास्नं स्नूकरचा नाद, ते टेबलावर काठीनं चेंडू मारतात ना, डेपोत रिकाम्या वेळात खेळायचे. स्नूकर असला तर स्नूकर, नसला तर ते जुन्या वस्तूंचे लिलाव, घरं विकायचे कार्यक्रम, सवाल-जवाबाचा खेळ. रिमोटवर एक, दोन, तीन, चार, बटण दाबलं की लागलं, डाव्या हातानं जमत होतं. त्याच्यावर ह्यांचा दिवस चालायचा बघा. लिलाव संपला म्हणजे जेवायचं, सवाल-जवाब लागला म्हणजे सुमन यायची वेळ झाली. दुपारी तासभर एक बाई यायची जेवण द्यायला, बाकी एकटेच. मी दुसऱ्यांच्या नवऱ्यांना सूप पाजत फिरायची आणि माझ्या नवऱ्याला टेली सांभाळायची, असं होतं ते.

त्यात छप्पर गळायला लागलं. छपरावाला आला, कौलं बदलली, आणि चिमणीवरचा आमचा टेलीचा जुना एरियल गंजलेला होता तो काढून खाली टाकला, म्हणाला हा पुन्हा उभा राहायचा नाही. मी मंदारला फोन केला. तो म्हणाला, आई, एरियल कोण लावतं आता, सगळं इंटरनेटवर येतं, मी बघतो, यू डोन्ट वरी. आणि शनिवारी हा एवढा मोठा टीव्ही घेऊन आला, स्मार्ट म्हणे. मुलगा मनानं चांगला आहे हो, मी वाईट म्हणत नाही, पण त्याला वाटतं वस्तू आणली की काम झालं.

त्या टीव्हीवर चॅनेल म्हणून काही नव्हतंच, नुसत्या चौकटी. ह्या चौकटीत जा, मग त्या चौकटीत जा, मग पासवर्ड, मग तुमचं नाव काय, मग अपडेट. आणि सगळं करून कार्यक्रम लागला तर थोड्या वेळानं ते विचारायचं, तुम्ही अजून बघताय का? म्हणजे बघणारा माणूस समोर बसलाय, त्याला विचारतंय बघताय का! आणि उत्तर दिलं नाही तर बंद. मी कामावरनं यायची तर हे त्या प्रश्नासमोर बसलेले असायचे. कधीपासनं बसलेत कोण जाणे.

मंदारला सांगितलं तर त्यानं त्याच्यावर पण उपाय आणला, बोलायचा रिमोट. बटण दाबायचं नि तोंडानं सांगायचं काय लावू ते. मी म्हटलं, मंदार, अरे कुणासाठी आणलास हा? तो म्हणाला, बाबांसाठी, ही मस्ट ट्राय, त्यांचं प्रॅक्टिस पण होईल. मग ह्यांनी दाबलं बटण, मुलानं आणलंय म्हणून, तोंड पुढं केलं, मान ताठ केली, आणि म्हणाले, चल. टीव्हीनं विचार केला आणि कुठला तरी चिनी पिक्चर लावला. पुन्हा दाबलं, चल. मग स्वयंपाकाचं काहीतरी. मला हसू आलं आधी, खरं सांगते, मंदारला पण आलं. मग ह्यांच्याकडं बघितलं तर रिमोट मांडीवर ठेवून दिला होता आणि खाली बघत होते. मी आत जाऊन गॅस पुसला, पुसलेलाच होता.

पुढची गोष्ट ऐका. एक दिवस माझी तिसऱ्या घरातली बाई हॉस्पिटलात गेली होती, म्हणून मी लवकर घरी आले. दार नुसतं लोटलेलं. हे नाहीत. वर नाहीत, बाथरूममध्ये नाहीत, मागं बागेत नाहीत. काय सांगू तुम्हाला! पाय ओढत जाणारा माणूस, नाव सांगता येत नाही, पत्ता सांगता येत नाही, रस्त्यावर कुणी विचारलं तर म्हणणार चल. मी कोपऱ्यापर्यंत धावले, बसस्टॉपवर बघितलं, परत आले, आता पोलिसांना फोन करायचा म्हणून हॉलमध्ये उभी राहिले आणि भिंतीतनं हसणं ऐकू आलं. ह्यांचं हसणं. स्ट्रोकनंतर मी ते ऐकलंच नव्हतं.

मॉरीनची बेल वाजवली. तिनं दार उघडलं, म्हणाली ये ना, लव्ह. आत हे तिच्या सोफ्यावर, पाय स्टुलावर, हातात दोन कानांचा कप, समोर तिची ती जुनी टेली आणि टेलीवर कोणीतरी मोडकी फुलदाणी विकत होतं. मॉरीन म्हणाली, रे तर रोजच येतो, महिना होऊन गेला, मला वाटलं तुला माहीत आहे. रे म्हणजे हे, रघुनाथचं डेपोवाल्यांनी रे केलं होतं. ती म्हणाली, आम्ही पैज लावतो कुठली वस्तू कितीला जाईल, तो बोटं दाखवतो, आणि मेला रोज जिंकतो.

मी हसले, थँक्यू म्हटलं, ह्यांना घेऊन आले. पण मनात काय झालं ते माझं मलाच माहीत. इतकी वर्षं ह्या माणसाचं मी सगळं केलं, आंघोळ घालते, नखं कापते, आणि हसायला हा भिंतीपलीकडं जातो. राग कुणाचा धरायचा? मॉरीनचा धरायचा तर तिनं चहाच पाजला. ह्यांचा धरायचा तर काय, मी घरी असते कधी? दोन दिवस मी बोलले नाही ह्यांच्याशी, आणि गंमत बघा, ज्याला बोलताच येत नाही त्याच्याशी अबोला धरला तर कुणाला कळणार!

तिसऱ्या दिवशी मीच भाजी घेऊन गेले मॉरीनकडं. मग ते तसंच चालू ठेवलं. मी जाताना सांगून जायची, ती दुपारी दार नुसतं लोटून ठेवायची. मंदारला आवडलं नाही, म्हणाला आई, हाऊ डझ इट लुक, शेजारणीवर कसला बर्डन टाकतोस. मी म्हटलं टाकतोस नाही, टाकतेस. आणि बर्डन तिला वाटत नाही, तुला वाटतंय.

ते पण फार दिवस टिकलं नाही. मॉरीन मागच्या पायरीवर पडली, खुबा मोडला. हॉस्पिटलातनं ती घरी आलीच नाही, तिच्या मुलीनं आपल्या घराजवळ, लांब डेव्हनला, एका होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, ठेवलं तिला, आणि घर विकायला काढलं. निरोपाला फोनवर बोललो आम्ही. ती म्हणाली रेला सांग, इथली टेली भिंतीवर उंच आहे आणि रिमोट नर्सच्या खिशात असतो.

हे रोज जायचे. दार बंद. बेल वाजवायचे, उभे राहायचे, परत यायचे. मी किती वेळा सांगितलं, मॉरीन गेली, आता तिथं कुणी नाही, हे म्हणायचे हो हो, आणि दुसऱ्या दिवशी परत जायचे. मग नवीन लोक आले, तरुण जोडपं, चांगली माणसं. पण त्यांनी दार उघडलं की हे सरळ आत जाऊन सोफा शोधायला लागायचे. घरात तान्हं बाळ. एकदा आणून सोडलं, दोनदा आणून सोडलं, तिसऱ्यांदा ती मुलगी रडवेली झाली होती, म्हणाली आम्हाला तक्रार करायची नाही, पण मी एकटी असते.

मग मंदार आला, आणि ते म्हणाला जे मला कधीतरी ऐकायला लागणार हे माहीत होतं. आई, बाहेरनं कुलूप लावून तू कामाला जाऊ शकत नाहीस, इट्स नॉट लीगल इव्हन. बाबांना होममध्ये ठेवायचा विचार करू या. मी बघितलेत दोन-तीन, मिल्टन कीन्सजवळ, गार्डन आहे. हे समोर बसलेले होते. ऐकत होते. हो हो म्हणाले नाहीत आणि चल पण म्हणाले नाहीत.

मी होममधली माणसं बघितलीत हो, तिथं पण काम केलंय मी. वाईट नसतात सगळी. पण मी म्हटलं, मंदार, आधी एरियल. तो म्हणाला काय? मी म्हटलं, आधी ह्या घरावर एरियल लागेल, एक दाबलं की एक लागलं पाहिजे आणि दोन दाबलं की दोन, मग पुढचं बोलू. तो म्हणाला आई, तू सीरियस आहेस? मी इतकी दमले होते ना त्या दिवशी, वाद घालायला पण उभी राहिले नाही, बसूनच म्हटलं, हो.

पण एरियल लावायचा म्हणजे काय सोपं असतं का! आधी मी दुकानातनं घरात लावायचा आणला, वहीसारखा पातळ, खिडकीला चिकटवायचा. चिकटवला. चित्र यायचं आणि चौकोन चौकोन होऊन फुटायचं, बस गेली की फुटायचं, मी उठले की फुटायचं. खिडकी बदलली, कपाटावर ठेवला, काही नाही. मग मंदार म्हणाला माळ्यावर लावू, माझा मदत लागला तर सांग. माळ्यावर चढला तर तिथं थंडी अडवायला चंदेरी कागदाची गादी ठोकलेली, छपराला आतनं सगळीकडं, तिथं मोबाइलला पण रेंज येईना, टेलीला कुठनं येणार. मग एक माणूस आला, त्यानं घर बघायच्या आधीच सांगितलं, सगळ्यात मोठा एरियल लागेल आणि सोबत डिश पण घ्या. मी त्याला चहा दिला नि वाटेला लावला.

मग पेपरच्या दुकानात काचेवर एक कार्ड होतं, त्यावरनं टीना आली. पन्नाशीची असेल, दणकट बाई, शिडी व्हॅनवर, तिच्या आईला पण स्ट्रोक होऊन गेलेला. तिनं हातातलं मीटर घेऊन घराला चक्कर मारली, आणि दक्षिणेला बोट दाखवलं. म्हणाली, लंडनचा टेलीचा मोठा मनोरा तिकडं आहे आणि मधे तुमची हॅरोची टेकडी आहे, म्हणून खिडकीत काही येत नाही. चिमणीवर लावला तर टेकडीवरनं येतं, शेजारच्या बाईला यायचं, पण आता ते नवे शेजारी माळा वाढवताहेत, भिंत वर येणार, पुन्हा आड येईल. मी म्हटलं म्हणजे झालं, संपलं. ती म्हणाली थांबा हो, उत्तरेला एक लहान मनोरा आहे, बाजूच्या भिंतीवर खांब लावू आणि तोंड तिकडं करू. मोठा नको, मधला बस झाला, मोठा वाऱ्यानं हलतो.

ठरल्या दिवशी वारा सुटला, ती म्हणाली आज शिडी नको. पुढच्या आठवड्यात पाऊस. मंदारनं दोन्ही वेळा सुट्टी काढली होती, तो चिडला. तिसऱ्या वेळेला ऊन पडलं. टीना शिडीवर, मंदार आत टेलीपाशी, चौकटीतनं शोधून शोधून त्यानं एरियलचं बटण काढलं एकदाचं, आणि मी दारात, हिचं त्याला सांगायचं, त्याचं हिला. आणि हे बागेत. खुर्ची दिली होती तर बसले नाहीत. टीना वर खांब फिरवत होती तर ह्यांनी डावा हात वर केला, आणि डेपोत बस मागं घेताना जसा हात दाखवतात ना, ये, ये, अजून, अजून, तसा दाखवायला लागले. चल, चल, चल. मग पंजा उघडून थांब. टीना पण शहाणी, तिनं मीटरकडं बघितलं आणि ह्यांना अंगठा दाखवला. तिनं मीटर बघून थांबवलं का ह्यांचं ऐकून, मी विचारलं नाही.

आतनं मंदार ओरडला, आलं.

हे आत गेले, आपल्या खुर्चीत बसले, जुन्या साध्या रिमोटसारखाच एक मोठ्या बटणांचा मी आणून ठेवला होता, तो घेतला. एक दाबलं. एक लागलं. दोन दाबलं. स्नूकर चालू होता. रिमोट बाजूला ठेवला आणि मागं टेकले. मंदार जायला निघाला होता, गाडीची किल्ली हातात, तो तसाच सोफ्याच्या दांडीवर बसला, मग खाली सोफ्यात बसला. तासभर बसला असेल. खेळणारा वाकला की हे आधी बोटानं दाखवायचे कुठला चेंडू घेणार, आणि तो तोच घ्यायचा. मंदार टेलीकडं कमी आणि बापाकडं जास्त बघत होता. जाताना दारात मला म्हणाला, आई, बाबा अजून सगळं फॉलो करतात. मी म्हटलं, मी काय सांगत होते तुला? होमचं त्यानं परत काढलं नाही. पुढं काढेल, मला माहीत आहे, काढावं लागेल. पण त्या दिवशी नाही.

आता सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही तुम्हाला. हे शेजारी जायचे थांबले, ते खरं. त्या मुलीला पण सुटल्यासारखं झालं, कधी बाळ घेऊन येते. पण मॉरीनकडं हसायचे तसे हसेनात. टेली तीच, लिलाव तोच, बोटं दाखवायचे आणि बघणारं कुणी नाही, मग हात खाली. मला ते दिसायला लागलं. माणूस टेलीसाठी गेला होता भिंतीपलीकडं, पण थांबला होता दुसऱ्याच कशासाठी. ते काय शिडी लावून आणता येतं का?

मग मी दुपारची घरं सोडली. मॅनेजर म्हणाली, सुमन, तुझ्यासारखी मिळणार नाही, मी म्हटलं बघा कुणी मिळते का. सकाळची ठेवलीत. दुपारी घरी असते. आता म्हणतात पुढं काही वर्षांनी हे हवेतनं येणारं पण बंद करणार, सगळं त्या इंटरनेटच्या चौकटीतच घालणार, मंदारनं सांगितलं, हळूच सांगितलं. मी म्हटलं करू दे. आम्ही तेव्हा असलो तर बघू, नसलो तर त्यांचं त्यांना लखलाभ. मॉरीन मागच्या हिवाळ्यात गेली. ह्यांना सांगितलं, हे म्हणाले हो हो, आणि त्या दिवशी टेली लावली नाही.

तुम्ही ऐकून घेतलंत, बरं वाटलं, देव तुमचं भलं करो, आणि तुमची माणसं बोलती-चालती राहोत. मी रोज चार वाजता ह्यांच्या शेजारी बसते. बसले की माझे डोळे मिटतात, पहाटे उठलेली असते ना, आणि स्नूकरमधलं मला अजून काही कळत नाही, कुठला चेंडू कशाला मारतात ते. पण चांगला फटका बसला की हे डाव्या हातानं माझा हात दाबतात, बघ म्हणून. उघडते मग डोळे. बघते.